पत्ता द्या, ताप घ्या

‘नमस्कार, मी तुमची वेबसाइट पाहत होतो. मांडणी फारच सुंदर आहे. पण तिच्यात काही गंभीर त्रुटी आढळल्या, त्यामुळे ती गूगलच्या पहिल्या पानावर येत नाही. माफक दरात आम्ही ते काम करून देऊ. आपला मोबाइल नंबर आणि बोलण्याची सोयीची वेळ कळवावी.’

इंटरनेटवर स्वतःच्या नावाची पाटी लावायची म्हणून ज्यानं एखादं डोमेन विकत घेतलं, त्याच्या इनबॉक्समध्ये या अर्थाचं इंग्रजी पत्र पडलेलं असतंच. पत्र बारकाईनं वाचण्यासारखं आहे. पाठवणाऱ्याचं नाव एक, खाली सही दुसऱ्याचीच. हुद्दा ‘बिझनेस डेव्हलपमेंट मॅनेजर’, आणि पत्ता फुकटातल्या जीमेलचा, नावाच्या शेपटीला चार आकडे लावलेला. कंपनीचं नाव नाही, गाव नाही, लिंक नाही. साऱ्या दुनियेला गूगलच्या पहिल्या पानावर नेऊन बसवणाऱ्या या गृहस्थांना स्वतःची वेबसाइट नाही. विचारलंत तर उत्तर येतं, ‘आपण रस दाखवलात की पाठवतो.’

कडी पुढेच आहे. ज्या वेबसाइटच्या मांडणीवर हा गडी भाळला, ती मुळात नसतेच. नाव कालच घेतलेलं असतं. तिथं ‘लवकरच येत आहोत’ एवढी पाटीसुद्धा लागलेली नसते. कोऱ्या पानाचं सौंदर्य वाखाणून वर त्यातल्या त्रुटी काढायच्या, हे आपल्याकडे आजवर फक्त साहित्य संमेलनाच्या परिसंवादात जमत होतं.

कोल्हापुरात आमच्या ओळखीच्या एक वहिनी कांदा-लसूण मसाला करतात. उन्हाळ्यात त्यांच्या घराचा उंबरा ओलांडला की शिंका सुरू. भाच्यानं एका रात्री जेवणं झाल्यावर हौसेनं मसाल्याच्या नावाचं डोमेन घेऊन दिलं. फॉर्मवर नाव वहिनींचं, मोबाइल वहिनींचा, ईमेलही त्यांचाच, कारण धंदा त्यांचा. सकाळी दूध तापायच्या आत फोन वाजला.

‘हॅलो मॅडम, आपने कल डोमेन लिया है ना?’

डोमेन म्हणजे काय ते वहिनींना कळलं नाही, पण पलीकडच्यानं मसाल्याचं नाव घेतलेलं ऐकून त्या हरखल्या. नाव अजून डब्यावरसुद्धा चिकटवलं नव्हतं आणि परगावचं गिऱ्हाईक दारात.

‘हां हां, मसाला हमारा ही है. कितना किलो पाहिजे?’

‘मॅडम, मसाला नहीं. वेबसाइट. पाँच पेज का पॅकेज है, लोगो फ्री.’

‘पाच किलो?’

‘पाँच पेज, मॅडम.’

वहिनींनी तरीही किलोचा भाव सांगून टाकला, वर कुरियरचा खर्च वेगळा पडेल हेही सांगितलं. दुपारपर्यंत लोगोवाला झाला, मोबाइल ॲपवाला झाला, ऑनलाइन पैसे घ्यायचं यंत्र बसवणारा झाला, आणि ट्रेडमार्क लगेच नाही घेतला तर शेजारीण नाव पळवेल अशी धास्ती घालणाराही झाला. संध्याकाळी भाचा आला तेव्हा वहिनी वैतागलेल्या. ‘अरे, तू जाहिरात दिलीस तरी कुठं? सकाळपासून इतके फोन, आणि एकालाही मसाला नकोय!’

भाच्यानं जाहिरात दिली नव्हती. त्यानं फक्त फॉर्म खरा भरला होता.

डोमेनच्या जगात एक सार्वजनिक वही असते, तिला हूइज म्हणतात. कुठलंही डोमेन टाका, त्याचा मालक कोण, राहतो कुठं, फोन काय, ईमेल काय, हे सगळं ती वही वर्षानुवर्षं धडाधड सांगत आली. कुणालाही, कारण न विचारता, ओळख न मागता, फुकट. या वहीची गोष्ट १९८२ सालची. तेव्हा जाळं होतं अर्पानेटचं, पैसा होता अमेरिकी संरक्षण खात्याचा, आणि कॅलिफोर्नियातली एसआरआय ही संस्था नोंदी ठेवत होती. जाळ्यावर ज्याचं म्हणून खातं आहे त्यानं आपलं नाव, टपालाचा पत्ता, फोन आणि ईमेल नोंदवावा, असं फर्मान निघालं. वापरणारे मोजके. प्राध्यापक, संशोधक, लष्करी अधिकारी. कुठलं यंत्र बिघडलं तर फोन कुणाला लावायचा हे कळावं, एवढाच हेतू. सज्जनांची वही होती ती.

पण त्या सज्जनांना कल्पना नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. कारण त्याच्या चार वर्षं आधी, मे १९७८मध्ये, गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्यानं प्रयोग करून दाखवला होता. हा गृहस्थ डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीत. नव्या यंत्रांचं प्रात्यक्षिक लॉस एंजलिस आणि सान मटेओला ठेवलेलं. बोलवायचं कुणाला? त्यानं अर्पानेटची छापील डिरेक्टरी उघडली, पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे ४०० पत्ते काढून ते एक एक करून टाइप करवून घेतले आणि सगळ्यांना एकच पत्र धाडलं. पत्ते इतके, की प्रोग्रॅमच्या रकान्यात मावेनात. उरलेले पत्राच्या मजकुरातच सांडले. निमंत्रण कमी आणि यादीच जास्त, असं ते पत्र. लोक भडकले, संरक्षण खात्याच्या एका मेजरनं तंबी दिली. थर्क मात्र पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिला की त्या पत्रातून आपल्या कंपनीनं कोटीच्या पलीकडे डॉलरची यंत्रं विकली. म्हणजे जाळ्यावरचं पहिलं आगंतुक जाहिरातपत्र निघालं तेच मुळी पत्त्यांच्या वहीतून. धडा मिळालेला होता. तरी वही उघडीच ठेवली, आणि नंतर ती संगणकावर चढवली, म्हणजे पुढच्या थर्कला टाइप करायचेही कष्ट नकोत.

१९९८मध्ये या सगळ्या नावांच्या कारभाराला धनी मिळाला. आयकॅन ही कॅलिफोर्नियातली, ना नफा तत्त्वावर चालणारी संस्था. डोमेन विकणाऱ्या दुकानदारांशी, म्हणजे रजिस्ट्रारांशी, तिनं करार केले. आता नावं प्राध्यापकांची राहिली नव्हती, किराणा दुकानदारांची आणि मसालेवाल्यांची झाली होती, पण वहीचा शिरस्ता तोच. ग्राहकाचा खरा पत्ता घ्यायचा आणि जगाला दाखवायचा. शिवाय संपूर्ण वहीच एकगठ्ठा हवी असेल त्याला ती वर्षाला जास्तीत जास्त १०,००० डॉलर घेऊन द्यायची. मुख्य अट अशी, घेणाऱ्यानं त्यावर घाऊक जाहिरातपत्रं पाठवायची नाहीत. दहा हजार डॉलर मोजून जगभरच्या नवउद्योजकांचे पत्ते विकत घेणारा माणूस त्यांचं करणार काय? वाढदिवसाला शुभेच्छा पाठवणार?

बरं, चुकीचा पत्ता देऊन सुटका करून घ्यावी म्हटलं, तर तीही वाट बंद. खोटी माहिती दिली तर डोमेन रद्द होऊ शकतं. २०१३च्या करारापासून तर ईमेल पंधरा दिवसांत पडताळून दिला नाही की डोमेन लटकवून ठेवतात. पत्ता अजून बरोबर आहे ना, असं विचारणारं पत्र वर्षाकाठी एकदा रजिस्ट्रारकडून येतंच, तेही आयकॅनच्याच नियमानं. ढिगाऱ्यातलं तेवढं एकच पत्र खरं, आणि नेमकं तेच आपण कचऱ्यात टाकतो. खोटा पत्ता दिला तर डोमेन गेलं, खरा दिला तर झोप गेली.

या वहीवरून अमेरिकेत एक खटला रंगला, तो मुद्दाम सांगण्यासारखा आहे. न्यूयॉर्कची रजिस्टर डॉट कॉम ही डोमेन विकणारी कंपनी, आणि व्हेरिओ ही वेबसाइटला जागा भाड्यानं देणारी. व्हेरिओला सुचलं, नवं नाव ज्यानं आज घेतलं त्याला उद्या जागा लागणारच. मग गिऱ्हाईक शोधत हिंडायचं कशाला? त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला. तो रोज नव्यानं नोंदलेल्या नावांची यादी घेई, एकेक नाव रजिस्टर डॉट कॉमच्या हूइजमध्ये टाकी, आणि मालकाचा फोन, ईमेल, पत्ता उचलून आणी. मग व्हेरिओची माणसं त्या बिचाऱ्यांच्या मागे लागत, ईमेलनं, टपालानं, फोननं. या मोहिमेचं कंपनीतलं नाव होतं ‘प्रोजेक्ट हेनहाउस’. खुराडं! निदान नाव ठेवताना तरी प्रामाणिकपणा केला म्हणायचा. आपण कोण आणि समोरचा कोण, याबद्दल कोल्ह्याच्या मनात कसलाही गोंधळ नव्हता.

इकडे रजिस्टर डॉट कॉमच्या ग्राहकांना वाटे, आपल्याच दुकानदारानं आपला नंबर विकला. तक्रारी धो धो आल्या. कंपनीनं दटावल्यावर व्हेरिओनं ईमेल बंद केले, पण फोन आणि टपाल चालूच ठेवलं. का? तर आयकॅनच्या करारातली बंदी फक्त ईमेलपुरती होती, फोन आणि टपालाचं कलम रजिस्टर डॉट कॉमनं स्वतःच्या मनानं जोडलेलं. एवढं बारीक वाचन एलआयसीच्या पॉलिसीचं आपण केलं असतं तर आज आपण कुठल्या कुठं असतो. न्यायालयात व्हेरिओनं आणखी एक बहारदार बचाव मांडला. तुमच्या अटी उत्तराच्या शेवटी येतात, म्हणजे माहिती आमच्या हातात पडल्यावर. मग त्या आम्हाला लागू कशा?

अपील कोर्टाचे न्यायमूर्ती पिएर लव्हाल यांनी यावर सफरचंदाचा दाखला दिला. रस्त्याकडेच्या गाड्यावरून कुणी सफरचंद उचललं, खाता खाता निघाला, आणि जाताना त्याला पाटी दिसली की एका सफरचंदाचे ५० सेंट. पहिल्या दिवशी तो म्हणू शकेल की मला ठाऊक नव्हतं. पण रोज त्याच रस्त्यानं येऊन, रोज सफरचंद खाऊन, रोज पाटी शेवटी दिसते हो, असं म्हणत पैसे न देता जाणार असेल तर कसं चालेल? जानेवारी २००४मध्ये व्हेरिओ हरली. खालच्या कोर्टानं २०००च्या डिसेंबरात घातलेला मनाई हुकूम कायम राहिला. एक निकाल लागला, एक कंपनी थांबली. बाकीच्यांनी निकालातून धडा घेतला तो एवढाच, की फोन करताना आपलं खरं नाव सांगायचं नाही.

व्हेरिओ निदान खरोखरची जागा खऱ्या पैशात विकत होती. तिच्या मागून आले ते नुसतेच बिलं पाठवणारे. डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका नावाची एक कंपनी होती. नावात अमेरिका, कारभार कॅनडातून. ती लोकांना टपालानं नूतनीकरणाची नोटीस पाठवी, थाट असा की एखाद्या सरकारी खात्याचं बिल. तुमचं डोमेन अमुक तारखेला संपतंय, पैसे भरा. तारीख अगदी बरोबर, कारण ती वहीतच लिहिलेली. घाबरून पैसे भरले की नूतनीकरण बाजूलाच, तुमचं डोमेन तुमच्या दुकानदाराकडून उठून यांच्याकडे यायची प्रक्रिया सुरू, तीही चढ्या दरानं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००३मध्ये तिला कोर्टात खेचलं. म्हणून पत्रं थांबली? छे! त्याच घराण्यातल्या एका रजिस्ट्रारची मान्यता आयकॅननं ९० दिवसांसाठी निलंबित केली ती थेट २०१४च्या जुलैत. मधल्या काळात किती पानपट्टीवाल्यांनी आणि पाद्र्यांनी ही बिलं भरली असतील, त्याचा हिशोब ज्याचा त्याला माहीत.

आपल्याकडे आता टपालाऐवजी ईमेल येतो. वर लाल अक्षरांत ‘अंतिम सूचना’. पहिली सूचना कधी आली होती, हे विचारायचं नाही. आत तुमच्या डोमेनचं नाव, संपण्याची तारीख आणि रक्कम. बारीक अक्षरांत, शेवटी, जिथं नजर जाणार नाही अशा जागी, हे बिल नसून सर्च इंजिन नोंदणीचा प्रस्ताव आहे असं लिहिलेलं. गूगलला तुमचं पान शोधायला अशा नोंदणीची आणि असल्या पैशांची काहीएक गरज नसते. पण लाल अक्षरं पाहिली की माणसाचा हात आधी खिशाकडे जातो आणि मग चष्म्याकडे.

माझं सर्वात लाडकं पत्र मात्र चीनहून येतं. ‘हे पत्र तातडीनं आपल्या सीईओंना द्यावं,’ अशी त्याची सुरुवात. पत्र मिळतं ते घरीच, सीईओ त्या वेळी भाजी निवडत असतो. आत लिहिलेलं असतं की आम्ही शांघायचं डोमेन नोंदणी केंद्र आहोत, अमुक होल्डिंग्ज नावाच्या कंपनीनं तुमच्या ब्रँडच्या नावानं डॉट सीएन आणि डॉट एशिया ही डोमेनं मागितली आहेत, त्या कंपनीशी आपला काही संबंध आहे का? नसेल तर आम्ही आपल्याला पहिला हक्क देऊ. म्हणजे कल्पना करा, शांघायमधली एक बलाढ्य कंपनी ‘आईसाहेब चटणी’ या नावासाठी जीव टाकतेय, आणि तिथला नोंदणी अधिकारी मात्र इतका सत्शील, की आधी इचलकरंजीला विचारल्याशिवाय तो ते देत नाही. असा अधिकारी आपल्या नगरपालिकेत मिळाला असता तर! मूळ मालकाला घाबरवून ती निरुपयोगी डोमेनं त्याच्याच गळ्यात मारायची, एवढाच हा खेळ. अमुक होल्डिंग्ज कधीच नसते.

वहीतून पत्ते उचलले जातात का, हे शोधायला आयकॅनच्या सुरक्षा समितीनं रीतसर प्रयोग केला आणि २००७च्या ऑक्टोबरात अहवाल दिला. ईमेल हूइजमध्ये दिसला की त्यावर स्पॅम येणं जवळजवळ ठरलेलंच, आणि पत्ता झाकला की ते झपाट्यानं घटतं. वहिनींना हे एका सकाळीत कळलं होतं, असो. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठानं आयकॅनसाठी पाहणी केली, त्यात ४४ टक्के डोमेनधारकांना गैरवापराचा एक तरी अनुभव आलेला निघाला.

मग उपाय? उपाय दुकानदारांनी कधीच शोधून ठेवला होता. प्रायव्हसी प्रोटेक्शन. तुमच्या नावाच्या जागी त्यांचं नाव आणि पत्ता लावायचा आणि वर्षाला काही रक्कम घ्यायची. आधी नियमाच्या नावाखाली तुमच्या खिडकीचा पडदा काढायचा आणि मग पडदा भाड्यानं द्यायचा. हा धंदा ज्याच्या डोक्यातून निघाला त्याला मानलं पाहिजे. आपल्या डॉट इनवाल्यांना तीही सोय नव्हती. डॉट इनचा कारभार निक्सी या संस्थेकडे. २००५मध्ये तिनं ही नावं सर्वांना खुली केली, पण प्रायव्हसीची सेवा चालणार नाही असा नियम ठेवला. देशाभिमानानं डॉट इन घेणाऱ्याचा मोबाइल नंबर वर्षानुवर्षं देशाला अर्पण. डॉट भारत २०१४मध्ये आलं, देवनागरीत, मराठीसकट. तुम्ही अस्सल मराठी नाव देवनागरीत नोंदवलंत, तरी तुमच्या पानातल्या त्रुटी दाखवणारं पत्र येणार इंग्रजीतूनच.

पडदा फुकट मिळाला तो युरोपच्या कृपेनं. २५ मे २०१८ रोजी तिथला जीडीपीआर हा माहितीच्या गोपनीयतेचा कायदा लागू झाला. दंड इतका जबर की आयकॅनची पाचावर धारण बसली. आठवडाभर आधी, १७ मे रोजी, घाईघाईनं एक तात्पुरता नियम मंजूर झाला आणि वहीतली नावं, फोन, ईमेल काळ्या पट्टीखाली गेले. वीस वर्षं समित्यांच्या समित्या बसवून जे होत नव्हतं ते ब्रसेल्सच्या धाकानं आठ दिवसांत झालं. तेसुद्धा झाकणं सक्तीचं युरोपातल्यांसाठीच. बाकीच्यांचं झाकायचं की नाही ते दुकानदाराच्या मर्जीवर. बऱ्याच जणांनी सरसकट झाकलं, ते आपल्यावरच्या प्रेमापोटी असं कुणी समजू नये. गिऱ्हाईक युरोपातलं की इचलकरंजीचं हे तपासत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकच पट्टी मारणं स्वस्त पडतं.

पट्टीखाली वहिनी झाकल्या गेल्या तसे चोरही झाकले गेले, हेही सांगितलं पाहिजे. नामांकित कंपन्यांच्या नावाची बनावट डोमेनं घ्यायची, त्यावर डीलरशिप आणि नोकऱ्या वाटायच्या, अनामत रक्कम गोळा करायची आणि पसार व्हायचं. डाबर कंपनी अशाच प्रकारात २०२२मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली. दावा कुणावर? अशोक कुमार आणि इतर. हा अशोक कुमार कोण? कुणीच नाही. प्रतिवादीचं नाव ठाऊक नसलं की दिल्लीच्या कोर्टात ते नाव लिहायची रीत आहे. पूर्वी वहीत सज्जनांचे पत्ते सापडायचे आणि चोरांचे खोटे असायचे. आता दोघांचेही सापडत नाहीत, समता आली. पोलिसांना आणि कोर्टाला खरा पत्ता मिळावा पण लोगोवाल्याला मिळू नये, एवढी साधी व्यवस्था लावायला या मंडळींना चाळीस वर्षं अपुरी पडली.

वही झाकली तर पत्रं थांबायला हवीत. थांबत नाहीत. जुन्या याद्या बाजारात फिरतातच, त्यांना एक्सपायरी नसते. नव्या नावांची नुसती यादी, मालकाच्या तपशिलाविना, अजूनही रीतसर अर्ज केला की मिळते. मग पत्ता अंदाजानं लावायचा, इन्फो, सेल्स, ॲडमिन आणि पुढे तुमचं डोमेन. दहातला एक लागला तरी फायदाच, पत्र पाठवायला पैसे कुठं पडतात? ज्यांचं नाव झाकलेलं नाही त्यांना तर दुसरा दिवस उजाडायचीही वाट पाहावी लागत नाही.

तक्रार कुठं करायची? फोन आला तर दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८चे नियम आहेत, १९०९ हा नंबर आहे. जाहिरातीचे फोन १४० पासून सुरू होणाऱ्या क्रमांकावरूनच करावेत असं बंधनही आहे, आणि म्हणूनच लोगोवाला साध्या दहा आकडी मोबाइलवरून बोलतो. तक्रार केली की तो सिम बदलतो. ईमेलला मात्र ट्राय विचारत नाही. आपल्या कायद्यात त्रासदायक ईमेलचा स्पष्ट उल्लेख करणारं एक कलम होतं, आयटी कायद्याचं ६६अ. त्याच्या क पोटकलमात त्रास देण्यासाठी किंवा पाठवणारा कोण याबद्दल फसवण्यासाठी पाठवलेला ईमेल गुन्हा ठरवला होता, तीन वर्षांपर्यंत कैद. तुम्ही म्हणाल, वा! मग या कलमाखाली गूगलच्या पहिल्या पानावाले किती जण आत गेले? ते कशाला जातील? २०१२च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुली गेल्या. एकीनं मुंबईच्या बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या होत्या, दुसरीनं त्या लाइक केल्या होत्या. मार्च २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम पुरतं रद्द केलं, आणि योग्यच केलं. पण शांघायच्या नोंदणी केंद्राला ते होतं हेही कळलं नाही आणि गेलं हेही कळलं नाही.

आता नवा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. २०२३मध्ये संसदेत संमत झाला, नियम निघाले २०२५च्या नोव्हेंबरात, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे १८ महिने. २५० कोटी रुपयांपर्यंत दंड लिहिलाय, वाचूनच बरं वाटतं. पण त्यातच एक खाचही आहे. जी माहिती तुम्ही स्वतः जगजाहीर केली, तिला हा कायदा लागू नाही. डोमेन घेताना अटी मान्य म्हणून तुम्ही खूण केली होती ना? झालं तर मग. त्या खुणेचा अर्थ ‘स्वतः जाहीर केलं’ असाच होतो, असं छातीठोकपणे मांडणारे वकील आत्तापासून काळे कोट इस्त्री करत असतील.

माझं म्हणणं सरळ आहे. पत्र पाठवणाऱ्याला शिव्या घालून काही होणार नाही. तो आज नोएडात, उद्या आणखी कुठं. पण खरा पत्ता सक्तीनं मागणारा जागेवरच असतो, त्याला कार्यालय आहे, अध्यक्ष आहे, आणि त्याच्या बैठका देशोदेशीच्या उत्तम हॉटेलांत होतात. ज्यानं मागितला, त्यानं सांभाळावा. नाही सांभाळला, तर दंड त्याला बसावा.

तोवर वाचकहो, डोमेन घेणार असाल तर त्यासाठी ईमेल वेगळा काढा, खरा आणि चालू. बँकेला दिलेला मोबाइल तिथं देऊ नका, घरात दुसरं सिम असेल तर ते द्या. प्रायव्हसीचा पर्याय फुकट असेल तर खूण करायला विसरू नका. आगंतुक पत्रातल्या ‘अनसबस्क्राइब’वर बोट ठेवू नका, पत्ता जिवंत असल्याची पावती तेवढी त्यांना मिळते. लाल अक्षरांतल्या तारखेला घाबरू नका. जिथून नाव घेतलं त्या दुकानदाराच्या साइटवर, पत्ता स्वतः टाइप करून, आपल्या खात्यात जा, तारीख तिथं बघा आणि पैसे तिथंच भरा.